पहिल्यांदा इंजिन-गिअरबॉक्स उतरवताना

मारुती ८००चं इंजिन गाडीत बसलेलं असतं ते मोजक्या माउंटिंगवर. ती सोडवायला अर्धा तास पुरतो. दोन दिवस जातात ते नळ्या, वायरी, केबली आणि दांड्या सोडवण्यात. मी पहिल्यांदा इंजिन उतरवलं तेव्हा शंभर पानी वहीत या सगळ्या जोडण्यांची यादी केली होती. एकतीस निघाल्या. बत्तिसावी यादीत नव्हती आणि तिनेच घात केला. ते पुढे ओघात येईलच. आधी एवढंच ध्यानात घ्या की उतरवणं म्हणजे ओढणं नव्हे. इंजिन खरोखर मोकळं झालं असेल तर ते साखळीच्या जोरावर अलगद वर येतं. जोर लागतोय याचा अर्थ काहीतरी जोडलेलं राहिलंय.

पुण्यात घरी, बंगल्याच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन मित्रांना हाताशी घेऊन हे काम करू पाहणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे. उदाहरण सगळीकडे मारुती ८००चंच घेतलं आहे, कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मॉडेलचं. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तीस वर्षं बनत राहिलेल्या गाडीचे सुटे भाग अजून मिळतात आणि ती खोलणारे हातही गल्लोगल्ली सापडतात. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं आडवं बसवलेलं इंजिन, त्याला चिकटून गिअरबॉक्स आणि तिथूनच पुढच्या चाकांना जाणारे दोन शाफ्ट. शिकायला यापेक्षा सुटसुटीत गाडी मला माहीत नाही.

उतरवायचंच आहे का?

फक्त क्लच प्लेट गेली असेल तर इंजिन उतरवू नका. इंजिनाला वरून आधार देऊन एकटा गिअरबॉक्स खालून काढता येतो. इंजिनाच्या मागून तेल गळतंय म्हणून क्रँकचा (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचा) मागचा सील गेला असं ठरवण्याआधी टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) गॅस्केट बघा. तिथून पाझरलेलं तेल मागच्या बाजूने ओघळत खाली येतं आणि हुबेहूब सील गेल्यासारखं दिसतं. निळा धूर निघतोय म्हणून लगेच बोअर-पिस्टनवर जायचीही घाई नको. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतून सकाळी स्टार्ट करताना भकभक धूर येऊन मग थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील गेलेले असू शकतात. ते काम हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) होतं, इंजिन जागेवरच राहतं. काम सुरू करण्याआधी कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. सुरू असलेल्या इंजिनाबद्दल जे कळतं ते खोललेल्या इंजिनाकडून कळत नाही.

क्रँकच्या बेअरिंगचा ठोका येत असेल, बोअर करायचं (सिलिंडर आतून घासून मोठे करायचे) असेल किंवा बोनेटखालचा पत्रा गंजून जोडकाम निघालं असेल तर मात्र इंजिन बाहेर यायलाच हवं. आणि ते येतंय तर गिअरबॉक्सही सोबतच काढा. दोन्ही वेगळे करायचे ते जमिनीवर, उजेडात, चारी बाजूंनी हात पोचत असताना. गाडीतच वेगळे करायला गेलात की गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमधून सरळ बाहेर काढणं जागा अपुरी असल्याने अवघड जातं आणि परत बसवताना तोच त्रास दुप्पट होतो.

एक कागदी बाब इथेच सांगून टाकते. आरसी बुकात इंजिन नंबर नोंदलेला असतो. तेच इंजिन दुरुस्त करून परत बसवणार असाल तर आरटीओचा काही संबंध येत नाही. पण दुसरं जुनं इंजिन आणून बसवणार असाल तर त्याची नोंद करून घ्यावी लागते, म्हणून ते ज्या गाडीचं आहे तिचे कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

जागा आणि हत्यारं

पावसाळ्यात हे काम काढू नका. पुण्याचा पाऊस धो-धो नसला तरी चार-चार दिवस भुरभुरत राहतो, आणि उघड्या इंजिनावर, उघड्या गिअरबॉक्सवर ओल बसली की गंज धरायला एक रात्र पुरते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. जागा पक्की, सपाट आणि छपराखालची हवी. पार्किंगच्या स्लॅबला हुक दिसला म्हणून त्याला चेन पुली लटकवायची नाही. तो कशासाठी टाकलाय, किती वजनाचा आहे, हे कुणालाच ठाऊक नसतं. फॅब्रिकेशनवाल्यांकडे किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये विचारलंत तर चाकांची इंजिन क्रेन भाड्याने मिळू शकते. नाहीतर लोखंडी पाइपांची मजबूत तिपाई आणि एक टनाची चेन पुली. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून वजन क्विंटलच्या घरात धरून चाला. एक टन हे त्यामानाने फारच जास्त वाटेल, पण साखळीच्या कामात एवढी सूट हवीच. क्रेनचा हात जितका लांब काढाल तितकी तिची ताकद कमी होते हेही लक्षात असू द्या. हातावर प्रत्येक भोकाशी वेगळा आकडा लिहिलेला असतो, तो वाचा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बहुतेक ठिकाणी पेव्हर ब्लॉक असतात. क्रेनची चाकं लहान, ती दोन ब्लॉकच्या फटीत अडकतात आणि टांगलेलं इंजिन झोके घेऊ लागतं. १८ मिमी प्लायचे दोन लांब तुकडे आणून त्यांवरून क्रेन चालवा. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पान्यांचं म्हणाल तर या गाडीत १०, १२, १४ आणि १७ एवढ्यांवर जवळजवळ सगळं काम होतं. रिंग पाने चांगल्या प्रतीचे घ्या. सैल पान्याने गंजलेल्या बोल्टची डोकी गोल होतात आणि मग दहा मिनिटांचं काम अर्ध्या दिवसावर जातं. त्याशिवाय गोटी (सॉकेट) सेट, लांब एक्स्टेन्शन, पक्कड, एक फूटभर आणि एक दोन फुटी टॉमी (तरफेसारखी वापरायची लोखंडी सळई), रबरी हातोडा, एक जॅक आणि दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी आधार). नवीन हत्यारं, शॅकल, साखळी यांसाठी बोहरी आळी. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चांगले जुने पाने हाताला लागतात, पण जॅक आणि घोड्या तिथून घेऊ नका. ज्याच्या भरवशावर गाडीखाली झोपायचं ती वस्तू नवी घ्यावी. सील, गॅस्केट, माउंटिंग, होज पाइप नाना पेठेत मिळतात. जुना भाग सोबत नेऊन नव्याशी लावून बघायचा.

एबीसी पावडरचा अग्निशामक आणि वाळूची बादली, दोन्ही हाताच्या अंतरावर ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. पार्किंगमध्ये पंपरूम, मीटर बोर्ड, रखवालदाराची शेगडी यांपैकी काही जवळ असेल तर गाडी दुसरीकडे न्या.

वही

मी जो काही सल्ला देते आहे त्यात सगळ्यात महत्त्वाचा हाच, म्हणून इथे जरा थांबते.

काम सुरू करायच्या आदल्या दिवशी बोनेट उघडून स्टूल घेऊन बसा. इंजिनाभोवती एक फेरी डोळ्यांनी मारा, मग गाडी घोड्यांवर चढवून दुसरी फेरी खालून. इंजिनावरून किंवा गिअरबॉक्सवरून निघून गाडीच्या सांगाड्याकडे जाणारी प्रत्येक गोष्ट लिहा: अॅक्सिलरेटर केबल, चोक केबल, क्लच केबल, स्पीडोमीटर केबल, रेडिएटरचे वरचा आणि खालचा होज, हीटरचे दोन, पेट्रोलच्या नळ्या, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, ब्रेक बूस्टर असला तर त्याची जाड नळी, अल्टरनेटर, स्टार्टर, ऑइल प्रेशर, तापमान, रिव्हर्स लाइट यांच्या वायरी, कॉइलची वायर, अर्थच्या पट्ट्या, सायलेन्सरचा पाइप, गिअरच्या दोन दांड्या, दोन ड्राइव्ह शाफ्ट. प्रत्येक नोंदीपुढे दोन रकाने आखा, एक ‘सोडवलं’ आणि एक ‘बसवलं’. दुसरा रकाना महिन्याभराने भरायचा आहे. तोवर आठवणीतलं बरंच पुसून गेलेलं असतं.

फोनवर फोटो काढाच, पण फोटोत नळी कुठून आली हे नीट दिसत नाही. म्हणून दोन्ही टोकांना एकच आकडा लिहिलेली टेप लावा, वायरीच्याही आणि जिथे ती बसते तिथेही. मास्किंग टेप तेलाने सुटते, कापडी टेप टिकते. व्हॅक्यूमच्या नळ्यांचं हाताने चित्र काढा. चित्र काढताना जे दिसतं ते फोटो काढताना नजरेतून निसटतं.

नट-बोल्टांसाठी श्रीखंडाचे रिकामे डबे, झाकणावर नाव लिहून. जिथे एकाच भागाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात तिथे मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्या भागाची आकृती काढून त्या-त्या जागी भोक पाडून बोल्ट खोचून ठेवायचे. गिअरबॉक्सच्या घंटेसाठी (क्लच झाकणारं, इंजिनाला जोडलं जाणारं घंटेच्या आकाराचं कवच) तर हे हवंच. लांब बोल्ट आखूड भोकात पिळला तर अॅल्युमिनियमचे आटे जातात, कधी कधी कवचच फुटतं.

पहिला दिवस: वरून

एक दिवस आधी गाडी चालवत वॉशिंग सेंटरला न्या आणि इंजिन धुऊन आणा. चिखल-तेलाच्या थराखाली काय आहे हे दिसलं पाहिजे. गंजलेल्या बोल्टांवर, विशेषतः सायलेन्सरच्या, त्याच संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारा. इंजिन कोमट असताना मारलं तर ते खोलवर शिरतं.

सकाळी बॅटरीची निगेटिव्ह आधी, पॉझिटिव्ह नंतर. बॅटरी गाडीतून काढून लांब ठेवा. बोनेटच्या बिजागऱ्यांभोवती मार्करने रेघ मारून मग ते काढा. दोघांनी धरायचं आणि उभं न ठेवता चादरीवर आडवं ठेवायचं.

कूलंट गार इंजिनातूनच काढा. त्याची चव गोडसर असते आणि ते विषारी असतं. पार्किंगमधली कुत्री-मांजरं ते चाटतात, म्हणून ट्रे उघडा सोडू नका. इंजिन ऑइल तीन लिटरच्या आसपास निघेल. गिअरबॉक्सचं तेल काढताना आधी वरचा, तेल भरायचा प्लग सुटतो आहे याची खात्री करा, मगच खालचा उघडा. खालून रिकामा केला आणि वरचा जाम निघाला तर गिअरबॉक्स भरायचा कसा? सगळं जुनं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, त्यांच्याकडून ते पुनर्वापराला जातं. पार्किंगच्या जाळीत ओतलेलं तेल ओढ्यात जातं आणि आपले ओढे मुळा-मुठेला मिळतात.

मग एअर फिल्टरचं डबडं, केबली, वायरी, असं एकेक सोडवत यादीवर खुणा करत जा. इथे फार अडत नाही. रबरी होज चिकटून बसला असेल तर ओढू नका, पक्कडीने हलकेच पिळा. तरी सुटला नाही तर ब्लेडने उभा चिरा. होज स्वस्त आहे, रेडिएटरचं नरडं मोडलं तर महागात जातं. पेट्रोलची नळी काढताना खाली कापड धरा आणि टाकीकडून येणाऱ्या टोकात त्याच जाडीचा गुळगुळीत बोल्ट घालून क्लिप आवळा. टाकीत पेट्रोल कमी ठेवून सुरुवात केलीत तर हे सगळं सोपं जातं. प्लगच्या वायरींना १, २, ३ असे आकडे घाला. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-२ आहे.

एसी असेल तर त्याच्या पाइपांना हात लावायचा नाही. आतला गॅस दाबाखाली असतो, उघडला तर कातडी आणि डोळे गोठवतो. नुसता कॉम्प्रेसर ब्रॅकेटवरून काढा आणि वायरीने सांगाड्याला बांधून ठेवा. त्याचं वजन पाइपांवर येता कामा नये.

रेडिएटर काढून टाका. नसता काढला तरी चालतं असं काही जण म्हणतात. मी काढते, कारण इंजिन वर येताना पुढे झुकलं तर पहिला मार तिथे बसतो.

दुसरा दिवस: खालून

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावा, मग पुढचा भाग उचलून घोड्यांवर ठेवा. घोडी सांगाड्याच्या मजबूत भागाखालीच लागली पाहिजे. गाडी टेकली की बाजूने खांद्याने जोरात हलवून बघा. हलणारी गाडी तुम्ही बाहेर असतानाच हलू दे.

सायलेन्सरचे नट सोडवताना आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा, मग उलटं फिरवा. गंज फुटल्याचा ‘कट्’ असा आवाज येतो. मागे-पुढे, मागे-पुढे करत काढलेला नट स्टड मोडत नाही. गिअरच्या दांड्यांवर जोडाच्या ठिकाणी खूण करा.

आता ड्राइव्ह शाफ्ट. पहिल्यांदा करणाऱ्यांच्या चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. चाक काढा, लोअर आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून (हब ज्यात बसतो त्या भागातून) सोडवा, म्हणजे चाकाचा हब बाहेर झुकवता येतो. शाफ्टचं आतलं टोक गिअरबॉक्समध्ये एका बारीक रिंगने अडकवलेलं असतं. मधला दांडा धरून ओढलात तर रबरी बूटच्या आत जॉइंट सुटतो, ग्रीससकट सगळं मोकळं होतं आणि टोक मात्र गिअरबॉक्समध्येच राहतं. टॉमी लावायची ती जॉइंटचं जाड शरीर आणि गिअरबॉक्स यांच्या मधे, आणि हलका झटका द्यायचा. ‘टक्’ आवाज होतो आणि टोक सुटतं. मग ते सरळ रेषेत बाहेर काढा, तिरकं नको. तिथल्या सीलची ओठासारखी कड फार नाजूक असते. भोकातून उरलेलं थोडं तेल गळेल, ट्रे ठेवा. भोकं प्लॅस्टिक आणि रबर बँडने लगेच बंद करा.

शाफ्टचं बाहेरचं टोक हबमध्येच राहू दे. हब रिकामा ठेवून गाडी ढकलली तर चाकाचं बेअरिंग निखळू शकतं. आतलं टोक आत दाबून वायरीने बाजूला बांधा, बॉल जॉइंट परत जागेवर बसवा, चाकं लावा आणि गाडी जमिनीवर उतरवा. ही पायरी बरेच जण विसरतात आणि इंजिन टांगल्यावर गाडी मागे ढकलायची वेळ आली की अडकून पडतात.

गाडी खाली घेण्याआधी टॉर्च घेऊन शेवटची एक फेरी मारा. वही बाहेर ठेवा. यादी वाचत बघितलं की यादीतलंच दिसतं. या फेरीत इंजिनाकडून सांगाड्याकडे जाणारं काहीही उरलंय का, एवढंच शोधायचं.

उचलणं

इंजिनाच्या हेडवर उचलण्यासाठी लोखंडी कड्या असल्या तर साखळी त्यांतच अडकवा. नसल्या तर हेडच्या मोकळ्या भोकांत डोक्यावर ८.८ ही मजबुतीची खूण असलेले बोल्ट वापरा. हेड अॅल्युमिनियमचं आहे, म्हणून बोल्ट त्याच्या जाडीच्या किमान दीडपट आत गेला पाहिजे. मॅनिफोल्डला, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला साखळी लावू नका. नायलॉनची दोरी नको, ती पत्र्याच्या धारेवर कापली जाते. साखळी अशी लावा की गिअरबॉक्सची बाजू थोडी खाली राहील, त्या तिरक्या अवस्थेत इंजिन चांगलं बाहेर निघतं.

साखळी ताठ होईपर्यंत उचला, त्याहून जास्त नको. माउंटिंगवरचं वजन नुसतं हलकं झालं पाहिजे. आता माउंटिंगचे बोल्ट. वजन बरोबर तोललं असेल तर बोल्ट बोटांनी निघतो. निघत नसेल तर साखळी एक-दोन कडी वर किंवा खाली करून बघा. हातोडी हातात घ्यायची गरज पडली तर उचल चुकली आहे असं समजा.

तीन माणसं हवीत. एक साखळी किंवा क्रेन चालवणार, एक इंजिनाला हाताने दिशा देणार, आणि तिसऱ्याने कशालाच हात लावायचा नाही. त्याचं काम फक्त बघण्याचं आणि ‘थांबा’ म्हणण्याचं. इंजिनाखाली हात, पाय, डोकं, काही जाता कामा नये, एखादा बोल्ट खाली पडला तरी.

माझ्या वेळी साखळी माझ्या हातात होती. शेजारच्या गल्लीतले एक मेस्त्री त्या दिवशी मुद्दाम बघायला थांबले होते. इंजिन चार बोटं वर आलं आणि साखळी एकदम जड लागली. मला वाटलं पुलीच अडकतेय. मेस्त्री म्हणाले, ‘‘ताई, थांबा. कुठंतरी ओढतंय.’’ पण तोवर मी आणखी एक हात ओढला होता. गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला चिखलाने माखलेली अर्थची पट्टी तशीच राहिली होती. धुताना तिथे पाण्याचा फवारा पोचला नव्हता आणि मलाही ती दिसली नव्हती. ती तटकन तुटली, इंजिन झोका घेऊन गाडीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर आदळलं आणि डिस्ट्रिब्युटर फुटला. दिशा देणाऱ्या माझ्या भावाचा हात त्या बाजूला असता तर काय झालं असतं, हे मी अजून विसरलेले नाही. मेस्त्री रागावले नाहीत. त्यांनी माझा हात साखळीवर ठेवून सुटं इंजिन दोन इंच वर-खाली करायला लावलं आणि म्हणाले, ‘‘हे वजन लक्षात ठेवा. यापेक्षा जड लागलं की हात सोडून खाली बघायचं.’’

तेव्हापासून मी पहिले सहा इंच असे उचलते: दोन इंच वर, थांबायचं, टॉर्च घेऊन चहूकडून बघायचं, मग पुढचे दोन इंच. सुटलेल्या वायरी, क्लचची केबल, एसीच्या नळ्या परत कुठे गुंतत नाहीत ना, हेही त्यातच दिसतं. त्याच्या पुढे काम भरभर होतं. इंजिनाचं बूड पुढच्या पट्टीच्या वर आलं की तिपाई असेल तर गाडी मागे ढकला, क्रेन असेल तर क्रेन मागे घ्या. मोकळी जागा मिळताच इंजिन खाली घ्या. टांगलेल्या इंजिनावर काम करायचं नाही आणि त्याच्याजवळ उभं राहून चहाही घ्यायचा नाही.

जमिनीवर

दोन जुने टायर शेजारी-शेजारी ठेवून त्यांवर इंजिन आणि गिअरबॉक्स असं बसवा की दोन्हींना स्वतंत्र आधार मिळेल. स्टार्टर आधी काढा. मग घंटेचे बोल्ट काढून पुठ्ठ्यात खोचत जा. सगळे निघाले तरी गिअरबॉक्स लगेच सुटणार नाही, कारण दोन पोकळ खुंट्या त्याला जागेवर धरून असतात. दोन्ही पृष्ठभागांच्या मधे स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. तिथे ओरखडा पडला की बैठक बिघडते. गिअरबॉक्स दोन्ही हातांनी धरून थोडा वर-खाली डुलवा आणि सरळ मागे घ्या. इनपुट शाफ्ट पूर्ण बाहेर येईपर्यंत त्याचं वजन शाफ्टवर टेकू देऊ नका. क्लच प्लेटचं मधलं भोक त्याने वाकडं होतं.

आत काळी भुकटी असेल. ती फुंकून उडवू नका. जुन्या प्लेटांमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. मास्क लावा.

आता सावकाश बघा. इतकं सगळं उघडं पुन्हा सहज मिळत नाही. क्लच प्लेटचे रिवेट पृष्ठभागाच्या किती खाली आहेत? फ्लायव्हीलवर निळे डाग असतील तर प्लेट घसरून तापत होती. क्लच दाबणारं रिलीज बेअरिंग बोटाने फिरवा, खरखर आली की बदला. घंटेच्या आत तेल असेल तर बोटाला लावून वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा, कुजक्या कांद्यासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला नसतो. उग्र वास आला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा सील, नाहीतर क्रँकचा मागचा. माझ्या मते इथवर पोचल्यावर दोन्ही सील, रिलीज बेअरिंग आणि तडे गेलेली माउंटिंग बदलूनच टाकावीत. सीलची किंमत कितीशी असते, तिच्यापायी दोन दिवसांची ही मेहनत परत कोण करणार?

त्या संध्याकाळी आणखी थोडी कामं उरकायची असतात. सांगाड्यातले, माउंटिंगचे बोल्ट आपापल्या भोकांत हाताने फिरवून ठेवा, डब्यात ठेवण्यापेक्षा तिथे ते सुरक्षित राहतात. इंजिनावरचा नंबर घासून स्वच्छ करा, त्यावर कागद धरून पेन्सिलीने उमटवून घ्या आणि तो कागद आरसी बुकासोबत ठेवा. पुढचा भाग हलका झाल्यामुळे गाडी नाकाने वर आलेली दिसेल, घाबरू नका. ढकलताना मात्र जपून, स्टिअरिंग भलतंच हलकं लागतं.

इंजिनाची सगळी उघडी तोंडं लाल किंवा पिवळ्या चिंध्यांनी बंद करा. धागे सुटणारं सुती बोळं नको आणि काळपट रंग नको, तो आत विसरला जातो. किती चिंध्या कुठे घातल्या ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहा: इनलेटला किती, एक्झॉस्टला किती, थर्मोस्टॅटच्या तोंडाला किती. परत बसवायच्या दिवशी ते पान पहिल्यांदा उघडायचं आणि तेवढ्याच चिंध्या मोजून बाहेर काढायच्या.